दलाल जाईल म्हणता, पण आडनावाचे काय?



सध्या उद्योजकता शिबिर असो, कॉलेजातले व्याख्यान असो की एखाद्या स्टार्टअपची जाहिरात, एक वाक्य हमखास ऐकू येते. इंटरनेटची पुढची पिढी येत आहे आणि ती धंद्यातला दलाल संपवणार आहे! ब्लॉकचेन, वेब थ्री, ओपन नेटवर्क, कृत्रिम बुद्धिमत्ता अशी मोठमोठी नावे त्याला जोडून येतात. अकोल्याच्या जुन्या शहरात शिवणकाम करणारी ताई, डाबकी रोडला मोबाईल दुरुस्तीचे दुकान टाकलेला भाऊ, लग्नाच्या ऑर्डरी घेणारा आचारी या सगळ्यांना आता थेट गिऱ्हाईक मिळणार, मधले कुणी पैसे खाणार नाही, असे सांगितले जाते.

दलाल खरोखर जाणार असेल तर आपल्याला आनंदच आहे. अडत्याच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या उभे राहिलेल्या वऱ्हाडातल्या माणसाला त्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पण आंबेडकरी माणसाने टाळी वाजवण्याआधी विचारले पाहिजे की आपल्या धंद्यात फक्त दलालच आडवा येत होता का? दलालाच्या आधी आपले आडनाव आडवे येत होते. भांडवल मागायला गेलो की आडनाव, गाळा भाड्याने घ्यायला गेलो की आडनाव, खानावळ काढली की आडनाव. म्हणून या नव्या वेबला माझे दोन प्रश्न आहेत. पहिला, तिथले नियम कोण करणार? दुसरा, माझे नाव आणि माझी जात कुणाला, केव्हा दिसावी हे कोण ठरवणार?

वेबच्या तीन पिढ्या

आधी नीट समजून घेऊ. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि १९९३ साली सर्नने ती सर्वांसाठी मोफत खुली केली. ती पहिली पिढी. पाने वाचायची, एवढेच. धंद्यासाठी तिचा अर्थ दुकानाची पाटी इंटरनेटवर लावणे, इतकाच होता.

२००४ च्या सुमारास वेब टू हे नाव रूढ झाले. लोक स्वतः लिहू लागले, फोटो टाकू लागले, विकू लागले. पण सगळे काही मोजक्या कंपन्यांच्या अंगणात. आज आपली ताई इन्स्टाग्रामवर ब्लाऊजचे डिझाईन टाकते तेव्हा तिचे गिऱ्हाईक, त्यांचे नंबर, त्यांची आवड हे सगळे कंपनीच्या वहीत असते. कंपनीने उद्या खाते बंद केले तर ताईचे दुकान गेले. तक्रार करायची तर समोर माणूस नाही.

तिसऱ्या पिढीचा दावा असा की वही कुणा एकाच्या ताब्यात राहणार नाही. वेब थ्री हा शब्द २०१४ साली गॅव्हिन वुड यांनी वापरला. ते इथेरियमच्या संस्थापकांपैकी एक. ब्लॉकचेन म्हणजे अशी खातेवही की जिच्या प्रती हजारो संगणकांवर असतात आणि एकदा झालेली नोंद गुपचूप खोडता येत नाही. दुसरीकडे ओपन नेटवर्क. तिथे विकणाऱ्याचे अ‍ॅप वेगळे, घेणाऱ्याचे अ‍ॅप वेगळे, आणि दोघांना जोडणारे नियम सर्वांसाठी सारखे. भारतात ३१ डिसेंबर २०२१ रोजी स्थापन झालेली ओएनडीसी ही कंपनी हेच करू पाहते. एका अ‍ॅपवरचे दुकान दुसऱ्या अ‍ॅपवरच्या गिऱ्हाइकाला दिसावे, ही तिची कल्पना. कल्पना चांगली आहे, यात वाद नाही.

खुला बाजार आपण आधी पाहिला आहे

नियमांनी चालणारा खुला बाजार वऱ्हाडाला नवा नाही. आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा येथे १८८६ साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला. देशातला पहिला म्हणून त्याचे नाव घेतात. त्यानंतर १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. उघडा बाजार, ठरलेली वजने, सर्वांसमोर सौदा. आजच्या भाषेत तो त्या काळातला ओपन प्रोटोकॉलच होता. त्याने फरक पडला, हे मान्य केले पाहिजे. खोट्या वजनाला आळा बसला, लपवून होणारे सौदे कमी झाले.

पण अडत्या गेला का? नाही गेला. यार्ड खुले होते, समितीच्या खुर्च्या खुल्या नव्हत्या. हर्रास कधी सुरू करायचा, अडत किती घ्यायची हे ज्यांच्याकडे आधीपासून गोदाम आणि पैसा होता त्यांच्या वजनाने ठरत राहिले. आणि भूमिहीन मजूर? तो कापूस वेचत होता, गाडी भरत होता, यार्डात हमाली करत होता. त्याच्याकडे विकायला कापूसच नव्हता, तर खुल्या बाजाराने त्याला काय द्यायचे? बाजार खुला होणे आणि बाजारात उतरण्याची ऐपत मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

भीमचे नाव, दुसऱ्यांचे राज्य

जुने उदाहरण नको असेल तर खिशातला मोबाईल काढा. यूपीआय २०१६ साली आले. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ते बांधले. नियम खुले, कुठल्याही बँकेतून कुठल्याही बँकेत पैसे जातात. त्याच वर्षी ३० डिसेंबरला पंतप्रधानांनी बाबासाहेबांचे नाव घेऊन भीम अ‍ॅप सुरू केले. आपल्या वस्त्यांमध्ये किती अभिमानाने ते डाउनलोड झाले असेल!

आज काय चित्र आहे? यूपीआयच्या एकूण व्यवहारांपैकी सुमारे ८० टक्के व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच अ‍ॅपवरून होतात. पहिल्यात अमेरिकेच्या वॉलमार्टची मालकी, दुसरे गुगलचे. भीम अ‍ॅपचा वाटा एक टक्क्याच्याही खाली राहिला. एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नसावेत, असा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. त्याची मुदत आधी २०२४ अखेरपर्यंत आणि मग २०२६ अखेरपर्यंत पुढे ढकलली गेली. म्हणजे रस्ता जनतेच्या पैशाने, नाव भीमरावांचे, आणि टोलनाक्यावर दोन कंपन्या!

यूपीआय वाईट आहे असे मी म्हणत नाही. पानटपरीवरच्या माणसाला सुट्ट्या पैशांची कटकट उरली नाही, हा फायदा खरा आहे. पण तंत्रज्ञान खुले ठेवले की मालकी आपोआप वाटली जाते, हा भ्रम यूपीआयने मोडून काढला आहे. ओएनडीसीचे, ब्लॉकचेनचे आणि उद्या येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचे मोजमाप या अनुभवावर करावे लागेल. बाबासाहेबांनी १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मांडणी केली. त्या काळी मूलभूत म्हणजे पोलाद, वीज, विमा. आज ज्या नेटवर्कवर दुकान दिसते किंवा दिसत नाही ते नेटवर्कही मूलभूतच झाले आहे. त्याची मालकी कुणाची, हा प्रश्न आपण संगणकवाल्यांवर सोडून देऊ शकत नाही.

गिऱ्हाईक नाव वाचते

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होण्याआधी बाबासाहेबांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली होती. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस, त्याच्याइतका जाणकार मुंबईत किती असतील? काम सुरूही झाले. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक यायचे बंद झाले. सल्ला तोच, आकडे तेच, फक्त नाव कळले. कोणत्याही व्यवसाय मार्गदर्शन शिबिरात हा प्रसंग पहिल्या तासाला शिकवला पाहिजे.

हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले, असे कुणी म्हणेल. आपल्या अमरावती जिल्ह्यातले सुखदेव थोरात आणि अमेरिकेतले पॉल अटवेल यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले, फक्त आडनावे वेगळी ठेवली. उच्चवर्णीय आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. जातीविषयी एक अक्षर न विचारता खासगी कंपन्यांनी जात वाचली होती.

मग वेबवर काय होते? प्रत्येक प्लॅटफॉर्म आधी नाव मागतो, फोटो मागतो, पत्ता मागतो. पत्त्यात वस्तीचे नाव आले की सगळे कळते. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी वेगळ्या हिरव्या गणवेशातले डिलिव्हरी पथक जाहीर केले. टीका झाली आणि दुसऱ्याच दिवशी वेगळा गणवेश मागे घ्यावा लागला. गणवेश गेला, वेगळे पथक मात्र राहिले. शुद्ध-अशुद्धतेचा हा हिशोब कुणाला नवा आहे? मनूने सांगितला तो अ‍ॅपने अमलात आणला, एवढेच. आणि तो कोणत्याही कायद्याने लादलेला नव्हता. गिऱ्हाइकाची आवड म्हणून तो आला. जात आता ‘आवड’ या नावाखाली फिरते.

यात आणखी एक वळण येत आहे. कालपर्यंत गिऱ्हाईक शोधायचे तेव्हा दहा दुकानांची यादी यायची. आपले दुकान सातव्या नंबरवर का होईना, दिसायचे. आता लोक कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारतात, ‘अकोल्यात चांगला कॅटरर कोण?’ आणि ती दोन-तीन नावे सांगून मोकळी होते. ही नावे कशावरून निवडली? ज्यांची वेबसाइट आहे, ज्यांना रेटिंग जास्त, ज्यांच्याबद्दल आधीच लिहिले गेले आहे त्यांच्यावरून. समाजाने ज्यांच्याबद्दल कधी लिहिलेच नाही ते यंत्राला माहीत कसे असणार? यंत्राला जात शिकवावी लागत नाही, आपल्या समाजाची वही त्याला वाचायला दिली की पुरे.

एटापल्लीची नोंद आणि आपला हक्क

ब्लॉकचेनचे एक उदाहरण महाराष्ट्रातलेच आहे आणि ते थेट जातीशी संबंधित आहे. २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली येथे सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रांची नोंद पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर करण्याचे काम हाती घेण्यात आले. हेतू असा की बनावट प्रमाणपत्र लगेच ओळखता यावे. हेतू आपल्या फायद्याचा आहे. खोटी प्रमाणपत्रे काढून आपल्या जागा लाटणाऱ्यांचा त्रास आपल्यालाच होतो. पडताळणीसाठी महिनोन्‌महिने कचेरीच्या चकरा मारणारेही आपणच. उद्योजकालाही हे प्रमाणपत्र लागते. २०१६ पासूनच्या स्टँड अप इंडिया योजनेत अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांना १० लाख ते १ कोटी रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद झाली. केंद्र सरकारच्या खरेदीत अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांचा वाटा ४ टक्के असावा, असे २०१२ चे धोरण सांगते. प्रत्यक्ष खरेदी मात्र त्याच्या खालीच राहिली आहे.

पण इथेच थांबून विचार केला पाहिजे. ब्लॉकचेन एवढेच सांगते की कागदात नंतर फेरफार झालेला नाही. मुळात लिहिलेले खरे होते का, हे ती सांगत नाही. कारकुनाने नाव चुकीचे लिहिले असेल तर ती चूकही पक्की होते. आणि ज्या जातीचे निर्मूलन करायचे म्हणून आपली चळवळ उभी आहे तिची नोंद कधीच न पुसल्या जाणाऱ्या वहीत जाणार असेल, तर ती वही कोण उघडू शकतो हे आपल्याला माहीत असलेच पाहिजे.

माझ्या मते नव्या वेबकडून आपली खरी मागणी इथे आहे. जिथे जात सांगितल्याने हक्क मिळतो तिथे ती सहज सिद्ध करता आली पाहिजे. जिथे जात कळल्याने भाकर जाते तिथे ती कुणाला दिसता कामा नये. आणि कुठे दाखवायची हे त्या माणसाने ठरवावे. बँकेने, अ‍ॅपने किंवा गिऱ्हाइकाने नाही. हे अशक्य नाही. संपूर्ण कागद न दाखवता फक्त ‘हा अर्जदार पात्र आहे’ एवढेच सिद्ध करणारे गणिती तंत्र आज अस्तित्वात आहे. ते वापरायचे की नाही, हा तंत्राचा प्रश्न राहिलेला नाही. तो सत्तेचा प्रश्न आहे.

कॉइनवाल्यांपासून सावध

वेब थ्रीच्या नावाने आपल्या तरुणांकडे सर्वात आधी येतो तो कॉइन विकणारा. ‘बँकेने आपल्याला कधी विचारले नाही, आता आपले स्वतःचे चलन’ असे तो म्हणतो, आणि दुखरी नस बरोबर पकडतो. पण २०१८ साली पुणे पोलिसांनी उघड केलेल्या गेनबिटकॉइन प्रकरणात दरमहा ठरावीक परताव्याच्या आमिषाने असंख्य लोकांचे पैसे बुडाले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स हे जगातले मोठे क्रिप्टो एक्स्चेंज काही दिवसांत कोसळले. बाबासाहेबांनी १९२३ च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात चलनाची किंमत स्थिर राहण्यावर भर दिला, कारण चलन डळमळले की मजुरी घेणारा आधी मरतो. सकाळी एक आणि संध्याकाळी दुसराच भाव असलेल्या नाण्यात धंद्याचे भांडवल अडकवायला सांगणारा माणूस आंबेडकरी अर्थकारणाचे नाव घेत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा.

जुन्या शहराने पाहिलेले

आता विकेंद्रीकरणाबद्दल. १३ मे २०२३ च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात सोशल मीडियावरच्या एका पोस्टवरून हिंसाचार उसळला. एका माणसाचा जीव गेला. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. दंगलीचे राजकारण कोण करतो, त्यात कुणाची पोरे पुढे केली जातात, यावर वेगळे लिहावे लागेल. इथे मुद्दा धंद्याचा आहे. ज्याचे पेमेंट क्यूआर कोडवर, ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर, माल ऑनलाइन, त्याचे दुकान इंटरनेटबरोबरच बंद होते. मोठ्या व्यापाऱ्याकडे गोदाम असते, उधारी असते, चार दिवस तो काढतो. रोजच्या रोज कमावणारा काय करणार? हजारो संगणकांवर पसरलेली खातेवही एका सरकारी आदेशाने आपल्या गल्लीपुरती शून्य होते.

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० च्या अनुराधा भसीन निकालात इंटरनेटवरून व्यवसाय करण्याला संविधानाच्या कलम १९ चे संरक्षण आहे, इंटरनेट बेमुदत बंद ठेवता येत नाही आणि असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, असे स्पष्ट केले. आपल्यापैकी किती जणांनी असा आदेश कधी मागून पाहिला?

मग करायचे काय?

या सगळ्यावरून तंत्रज्ञानापासून दूर राहा, असा अर्थ कुणी काढू नये. दूर राहणे म्हणजे यार्ड पुन्हा त्यांच्याच हाती देणे. उतरायचेच आहे, पण तयारीने.

पहिले, आपली वही आपल्याकडे ठेवा. गिऱ्हाइकांची नावे, नंबर, हिशोब कोणत्याही अ‍ॅपच्या भरवशावर सोडू नका. अ‍ॅप बदलता आले पाहिजे, गिऱ्हाईक हातचे जाता कामा नये. रोख आणि फोनवरची ऑर्डर हा मार्गही चालू ठेवा.

दुसरे, एकट्याने उतरू नका. ओएनडीसीसारख्या नेटवर्कवर एकटा टेलर हरवून जातो. दहा बचत गट, वीस कारागीर यांची सहकारी संस्था एका नावाने उतरली तर माल, फोटो, पॅकिंग, तक्रारी यांचा खर्च वाटला जातो आणि दर ठरवताना आवाज राहतो.

तिसरे, आपल्या इंजिनिअर मुलामुलींना एक हक्काचे काम सांगा. पुण्या-बंगळुरूत नोकरी करणाऱ्यांनी महिन्यातून एक रविवार द्यावा. विहारात टेबल लावून उद्यम नोंदणी करून द्यावी. ती मोफत आहे, तरी लोक एजंटला पैसे देतात. सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर नाव घालून द्यावे, त्या ४ टक्क्यांवर दावा सांगायला शिकवावे.

चौथे आणि सर्वात महत्त्वाचे, कायद्याची लढाई नव्या बाजारात न्या. संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानांत प्रवेशाबाबत भेदभावाला मनाई आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत ‘दुकान’ म्हणजे काय असे विचारले गेले, तेव्हा बाबासाहेबांनी त्या शब्दाचा अर्थ संकुचित ठेवला नाही. सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येईल इतका व्यापक ठेवला. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही त्या अर्थाचा आधार घेतला. मग अ‍ॅप हे दुकान नाही तर काय आहे? अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने आर्थिक बहिष्कार हा गुन्हा ठरवला. गावाने पीठ दळून दिले नाही तर बहिष्कार होतो, आणि अल्गोरिदमने आपली दुकाने सतत खाली ढकलली तर ती ‘आवड’ कशी काय होते? क्रमवारी कशावरून लागते हे कंपन्यांनी जाहीर करावे, तिची स्वतंत्र तपासणी व्हावी, ओपन नेटवर्कच्या नियम करणाऱ्या समित्यांवर अनुसूचित जाती-जमातीचे उद्योजक आणि बचत गट बसावेत, ही मागणी आपल्या संघटनांनी जाहीरनाम्यात घेतली पाहिजे. अकोला जिल्ह्याने आंबेडकरी राजकारणात जिल्हा परिषदेची सत्ता मिळवून दाखवली आहे. ज्या लोकांना यार्डाबाहेर ठेवले होते त्यांनी सभागृहाच्या खुर्च्या घेतल्या. तीच जिद्द आता नेटवर्कच्या खुर्च्यांसाठी लागेल.

बाबासाहेबांची पेढी नावामुळे बंद पडली. त्यांनी नाव लपवून दुसरी पेढी काढली नाही. ज्या समाजात नाव वाचून सौदा मोडतो त्या समाजाचे नियमच बदलायला ते निघाले. नव्या वेबचे नियम अजून लिहिले जात आहेत. ते लिहून पक्के होण्याआधी आपण त्या टेबलावर बसलेलो असलो पाहिजे.

जय भीम!